शाळेनंतर पहिल्यांदा स्कर्ट: मिडी रोजच्या वापरात कशी आणायची

आमच्या शाळेत आठवी लागली की गणवेशातला स्कर्ट जायचा आणि सलवार-कमीज यायची. माझ्या वयाच्या कितीतरी जणींचा स्कर्टशी संबंध तिथेच संपला. पुढे पंजाबी ड्रेस, मग जीन्स-कुर्ती, लग्नकार्याला साडी. मी पस्तिशीत परत स्कर्टकडे वळले आणि गेली सहा वर्षं आठवड्यातले तीन-चार दिवस मिडी घालून डोंबिवली ते दादर लोकलने ऑफिसला जाते. आपल्या हवेला, आपल्या गर्दीला आणि आपल्या अंगाला इतकं सोयीचं दुसरं कापड-कपडं मला सापडलेलं नाही. साडीचा वारा लागतो, पण निऱ्या सांभाळाव्या लागत नाहीत. कुर्तीइतकं अंग झाकलं जातं, पण मे महिन्यात लेगिंग्ज पायाला चिकटत नाहीत.

तरी ओळखीतल्या बायका म्हणतात, "मला नाही शोभत गं." मी विचारते, कुठला घालून बघितलास? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: ऑनलाइन मागवलेला, लांबीला चुकलेला, वर रोजची लांब कुर्ती. असा कुणालाच शोभणार नाही. म्हणून हे सगळं मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने लिहिते. ज्यांनी शाळेनंतर स्कर्ट घातलेला नाही, त्यांनी पहिला विकत घेण्याआधी हे वाचावं.

पहिली पायरी: आपली लांबी शोधा

मिडी म्हणजे गुडघ्याच्या खाली आणि घोट्याच्या वर. ही जागा चांगली वीतभर आहे आणि तिच्यात दोन इंचांनी सगळं चित्र बदलतं. लांबीवरून लोक किती हळवे असतात याचा एक जुना दाखला आहे. १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसला क्रिस्तियाँ दिओरने पोटरीपर्यंतचे भरपूर घेराचे स्कर्ट आणले. युद्धात कापडावर रेशन होतं, त्यामुळे इतकं कापड एका स्कर्टला घालणं अनेकांना उधळपट्टी वाटली आणि निषेधही झाले. पुढे १९७० साली अमेरिकेत मिनी बाजूला सारून मिडी आणायचा घाट फॅशनवाल्यांनी घातला, तेव्हा बायकांनी मिडीविरुद्ध गट काढले आणि दुकानांत माल पडून राहिला. दुसऱ्याने ठरवलेली लांबी बायकांना नको होती. तुम्हीही आपली आपणच ठरवा, आणि ती आरशासमोर ठरवा.

अनवाणी, पूर्ण आरशासमोर उभ्या राहा. एक ओढणी कमरेला गुंडाळा आणि खालची कड गुडघ्यापासून हळूहळू खाली सोडत जा. गुडघ्याखाली पोटरी फुगत जाते, मग निमुळती होत घोट्याकडे येते. कड पोटरीच्या सगळ्यात भरलेल्या भागावर आली की पाय आहे त्याहून जाड आणि आखूड दिसतो. तिथून तीन-चार बोटं खाली सरकवा. पोटरी निमुळती व्हायला लागते तिथे कड थांबली की फक्त पायाचा बारीक भाग दिसतो, आणि उंची कमी असली तरी अंगकाठी सरळ वाटते. ही तुमची जागा. तिथे एक टाचणी लावा.

आता कंबर. जीन्स घालून घालून आपण ओटीपोटाखालच्या भागाला कंबर म्हणायला लागलो आहोत. स्कर्टची कंबर बेंबीपाशी किंवा बोटभर वर असते. सापडत नसेल तर एका बाजूला वाका. जिथे घडी पडते ती कंबर. तिथून टाचणीपर्यंत टेप धरा. माझी उंची ५ फूट १ इंच आहे आणि मला ३० इंच लांबी बरोबर बसते; कड जमिनीपासून साधारण ८ इंचांवर येते. २७ इंचांचा स्कर्ट मला पोटरीच्या मधोमध येतो, ३४ इंचांचा घोट्यावर. हा आकडा एकदा काढला की फोनमध्ये लिहून ठेवा. दुकानदार "मिडीच आहे मॅडम" म्हणाला तरी टेप लावा. ऑनलाइन घेताना चित्रातल्या मुलीकडे बघू नका, ती तुमच्याहून वीतभर उंच असते. मापाच्या तक्त्यात लांबी इंचांत दिलेली असते, तीच खरी.

कमरेचं माप जेवण झाल्यावर घ्या. हे मी मनापासून सांगते आहे. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या मापाचा स्कर्ट दुपारच्या डब्यानंतर कापतो, आणि कापणारा कपडा बाई दुसऱ्यांदा घालत नाही.

दुसरी पायरी: कापड हातात घ्या

रंगाच्या आधी कापड. स्कर्टचा कोपरा मुठीत घट्ट धरा, वीस आकडे मोजा, सोडा. सुरकुत्या खोल पडल्या आणि तशाच राहिल्या, तर लोकलमध्ये पाऊण तास बसल्यावर मागे काय दिसेल ते कळलं. मग आत हात घालून कापड उजेडाकडे धरा. बोटं मोजता आली तर अस्तर हवं.

रोजसाठी माझा कौल सुती पॉपलीनला किंवा जरा जाड कॅम्ब्रिकला. घाम शोषतात, आकार धरतात, इस्त्री पटकन होते. मंगलगिरी सुतीचा स्कर्टही छान होतो, कापड अंगचंच जरा करकरीत असल्यामुळे घेर बसत नाही. रेयॉन हाताला मऊ, अंगावर गार, चुण्या सुंदर पडतात. पण ओला झाला की जड होतो आणि लोंबतो, शिवाय पहिल्या धुण्यात आटतो. रेयॉनचा घेतलात तर एकदा धुवून मगच लांबी कमी करा. क्रेपला सुरकुती पडत नाही, प्रवासाला उत्तम, पण उन्हाळ्यात गरम होतं. डेनिमचा मिडी कॉलेजला जाणाऱ्या मुलींसाठी झकास. पातळ डेनिम बघा, जाड डेनिम बसलं की पोटावर उभं राहतं. सॅटिनचं आकर्षण मला कळतं, पण पहिला स्कर्ट सॅटिनचा नको. त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी डाग दिसतो आणि पोटापाशी प्रत्येक घडी चमकून दाखवते.

अस्तराबद्दल दोन शब्द. रेडीमेड स्कर्टला बऱ्याचदा पॉलिस्टरचं अस्तर असतं आणि ते चालताना पायाला चिकटतं. ते काढून सुती मलमलीचं लावून घ्या, नाहीतर साडीचा जुना सुती परकर स्कर्टखाली दिसणार नाही इतका आखूड करून आत घाला. मांड्या घासतात त्यांनी आत गुडघ्याच्या वर येणारी सुती शॉर्ट्स घालावी. मी रोज घालते. घासणं थांबतं आणि वाऱ्याची धास्तीही राहत नाही.

तिसरी पायरी: पहिला स्कर्ट कोणत्या कटाचा

बाजारात पाच-सहा प्रकार दिसतात. नवशिक्या बाईने ए-लाइन घ्यावा: कमरेला सपाट, खाली हळूहळू रुंद होत जाणारा. तो कुणालाही वाईट दिसत नाही आणि त्यात चालता, पळता, मांडी घालता येते. मांडी घालून बसता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. हळदीकुंकू, पूजा, कुणाच्या घरची सतरंजी, आपल्याला कधीही खाली बसावं लागतं. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशात बघून बाहेर येऊ नका. स्टुलावर बसा, एक पाय गुडघ्याएवढा उचला, खाली मांडी घाला. एसटीची पहिली पायरी चढायला जितका पाय उचलावा लागतो, तितका उचलता आला पाहिजे.

चुण्यांचा, म्हणजे नाडीच्या किंवा इलास्टिकच्या कमरेचा स्कर्ट सगळ्यात आरामाचा. पण सगळ्या चुण्या पोटावर जमल्या की पोट आहे त्याहून मोठं दिसतं. यावर शिंप्याकडे सोपा उपाय असतो: पुढून सपाट पट्टा, इलास्टिक फक्त मागे. असा मिळाला तर डोळे झाकून घ्या. बारीक प्लीट्सचा स्कर्ट चालताना फार सुरेख हलतो. त्याच्या घड्या टिकायला कापड सिंथेटिक लागतं, म्हणून तो हिवाळ्यात घाला. सरळ, अंगालगतचा पेन्सिल स्कर्ट मागे कट असल्याशिवाय घेऊ नका, त्याविना रेल्वेचा पूल चढता येत नाही.

रॅपअराउंड म्हणजे गुंडाळून बांधायचा. सांगानेरी छापाचे असे स्कर्ट फुटपाथवर ढिगाने मिळतात आणि दिसतातही छान. माझा पहिला असाच होता. दादरच्या पुलावर गाडी आल्याबरोबर खालून वारा आला आणि वरचा पदर पूर्ण उघडला. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मागून येणाऱ्या एका बाईने न बोलता स्वतःच्या पदराची सेफ्टीपिन काढली, माझ्या स्कर्टला लावली आणि गर्दीत निघून गेली. तिचा चेहराही मी नीट पाहिला नाही, पण तिची आठवण अजून येते. त्या दिवसापासून नियम केला: वरचा पदर खालच्या पदरावर किमान पोटाच्या रुंदीइतका चढला पाहिजे, आणि गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर आतून एक टिचबटण लावून घ्यायचं. ते नसेल तर रॅपअराउंड घराबाहेर नाही.

आणि खिसा. बाजूच्या शिवणीत खिसा लावायला शिंप्याला अर्धा तास लागत नाही. फोन नको, पण रेल्वेचा पास आणि रुमाल मावेल एवढा तरी लावून घ्याच.

चौथी पायरी: वर काय घालायचं

बहुतेक जणी अडतात त्या इथे. आपल्या कपाटात कुर्त्या असतात आणि कुर्ती मांडीपर्यंत येते. मिडीवर ती घातली की अंगाचे दोन सारखे तुकडे होतात आणि कंबर हरवते. स्कर्टची सगळी शोभा कंबर दिसण्यात आहे. त्यामुळे वरचा कपडा एकतर कमरेशी संपला पाहिजे, नाहीतर आत गेला पाहिजे.

खोचणं आपल्याला शिकवावं लागत नाही, पदर खोचून घरं आवरणाऱ्या बायकांच्या आपण मुली. तरी शर्ट खोचण्याची एक रीत आहे. आधी वरचा कपडा घाला, मग त्यावरून स्कर्ट चढवा आणि चेन लावा. आता दोन्ही हात सरळ डोक्यावर उचला. खोचलेला कपडा जितका वर यायचा तितका येतो. हात खाली घ्या. कमरेवर जो थोडा फुगा राहतो, तो तसाच राहू द्या. ओढून ताणून घट्ट बसवलेला टॉप दहा मिनिटांत वेडावाकडा सुटतो. हा फुगा ठेवला तर संध्याकाळपर्यंत हात लावावा लागत नाही आणि पोटही झाकलं जातं. पोटाचा संकोच वाटणाऱ्या मैत्रिणींना मी हेच पहिलं दाखवते.

पूर्ण खोचायचं नसेल तर फक्त पुढचा हातभर भाग खोचा, बाजू आणि पाठ मोकळी सोडा. मागून नितंब झाकले जातात, पुढून कंबर दिसते. सुती शर्ट असेल तर खालची दोन बटणं उघडून टोकांची गाठ कमरेवर मारा. गाठ मधोमध न मारता किंचित बाजूला मारली की जास्त चांगली दिसते.

घेर आणि मापाचा हिशेब असा: खाली घेर असेल तर वर अंगाबरोबर, खाली सरळ असेल तर वर सैल. चुण्यांच्या स्कर्टवर साधा अंगाबरोबरचा टी-शर्ट. सरळ डेनिमवर नवऱ्याचा किंवा भावाचा जुना लिननचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. दोन्हीकडे घेर झाला की उंची गिळली जाते. माझ्यासारख्या बुटक्या बायकांनी तर हे पाळावंच.

नवीन काही घेण्याआधी कपाट उघडा. जुन्या कुर्त्या, ज्यांची मागची बाजू बसून बसून विरली आहे, त्या शिंप्याकडून कमरेच्या चार बोटं खाली कापून घ्या. गळ्याचं भरतकाम, बाह्या सगळं शाबूत राहतं आणि टॉप तयार होतो. मी अशा सात कुर्त्या वाचवल्या आहेत. दुसरा साठा साडीच्या ब्लाउजांचा. लांब बाह्यांचा, बंद किंवा बोटनेक गळ्याचा सुती ब्लाउज उंच कमरेच्या स्कर्टवर सुरेख बसतो. मध्ये पोटाची पट्टी दिसू नये म्हणून हात वर करून तपासा. दिसत असेल तर ब्लाउजला खाली दोन इंचांची पट्टी जोडून घ्या. इकतचा किंवा कलमकारीचा ब्लाउज आणि खाली एकरंगी स्कर्ट, यापेक्षा नेटकं रूप मला तरी माहीत नाही.

रंगाचं मी फार ताणत नाही. पहिला स्कर्ट एकरंगी आणि गडद घ्या: नीळ, मरून, बॉटल ग्रीन, नाहीतर काळा. दुकानातच मनात मोजा, घरातले किती टॉप याच्यावर जातील. पाचपेक्षा कमी निघाले तर तो परत ठेवा, कितीही आवडला तरी.

पाचवी पायरी: दिवस कसा आहे त्यावर

ऑफिसला मी नीळ रंगाचा ए-लाइन, वर पांढरा किंवा बारीक रेघांचा शर्ट खोचून, बारीक चामडी पट्टा घालते. मीटिंग असेल तर कमरेपर्यंतचं हातमागाचं बिनबाह्यांचं जाकीट. बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना सुरुवातीला लोक काय म्हणतील अशी धाकधूक असते. त्यांनी घोट्याकडे झुकणाऱ्या लांबीपासून सुरुवात करावी, वर कापून घेतलेली कुर्ती आणि गळ्यात सुती स्टोल. एकदा सहकाऱ्यांच्या डोळ्यांना सवय झाली की हळूहळू आपल्या खऱ्या लांबीवर या.

बाजारहाट, मुलाची शाळा, दवाखाना, अशा दिवशी चुण्यांचा छापील स्कर्ट आणि टी-शर्ट. याला विचार लागत नाही, म्हणून माझा सगळ्यात जास्त वापर याचाच.

सणावाराला मात्र थोडं रेंगाळावंसं वाटतं. परकर-पोलकं आपल्या अंगावर होतंच लहानपणी. खणाचा परकर, खणाचं पोलकं, आणि पायांत वाजणारे पैंजण. खणाचा मिडी शिवला की ती आठवण मोठेपणी परत अंगावर येते. फक्त वरती पण खणच घातला तर शाळेच्या स्नेहसंमेलनातली मुलगी वाटते. त्याऐवजी वर साधा सुती काळा किंवा मोतिया शर्ट, कानात मोत्याच्या कुड्या, बस. गणपतीत आरतीला उभं राहायला, मोदकांची ताटं इकडून तिकडे न्यायला, खाली बसायला, साडीपेक्षा हा फार सुटसुटीत.

चपला

पायात काय हे थोडक्यात सांगते. घोट्याभोवती जाड पट्टा येणारी चप्पल टाळा, स्कर्टची कड आणि पट्टा मिळून पाय तुकड्यांत दिसतो. पावलाचा वरचा भाग जितका उघडा, तितका पाय लांब. कोल्हापुरी म्हणूनच मिडीखाली इतकी खुलते. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना, त्यामुळे कोल्हापूरला जाणं झालं नाही तरी सांगली-सोलापूरकडची, बेळगावकडची चांगली मिळते. नवी चप्पल आधी घरात चार दिवस घालून मऊ करा. खूप चालायचं असेल तर पांढरे कॅनव्हासचे बूट, मोजे घोट्याच्या खाली राहणारे. हिवाळ्यात पुण्या-नाशिकच्या थंडीत आत लोकरी लेगिंग्ज आणि घोट्यापर्यंतचे बूट चालतात. मग कड बुटाच्या वर चार बोटं तरी असू द्या.

सहावी पायरी: प्रवास

लोकलचं आधी. पूल चढताना साडीची किंवा लांब ड्रेसची कड उचलावी लागते, मिडीला ते नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात कठडा. बसताना मागून दोन्ही हातांनी कापड खाली सपाट करून बसा, नाहीतर उठल्यावर मागे पंख्यासारख्या सुरकुत्या दिसतात. तिघींच्या बाकाच्या कडेला, चौथ्या सीटवर बसलात तर घेर मांडीखाली दाबून घ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या त्यात अडकतात. स्टेशनवरच्या भारतीय बैठकीच्या स्वच्छतागृहात हा कपडा सलवारीपेक्षा शंभर पटींनी बरा: कड गोळा करून समोर मुठीत धरायची, नाडीशी झगडणं नाही, काही जमिनीला टेकणं नाही.

दुचाकीवर मात्र मनापासून सांभाळा. स्वतः चालवत असाल तर चुण्यांचा किंवा ए-लाइन घाला, बसल्यावर दोन्ही बाजूंचा घेर मांड्यांखाली खोचा, आत शॉर्ट्स असू द्याच. पेन्सिल स्कर्ट घालून स्कूटर चालवू नका. पाय पटकन टेकवता आला नाही तर तोल जातो. मागे बसताना घेर मांडीवर गोळा करा आणि पिशवी त्यावर ठेवा. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूने जी जाळी असते, जिला आपण साडी गार्ड म्हणतो, ती शोभेची नाही. मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं चालत नाही, असा मोटार वाहन नियमच आहे. पोरं गाडी देखणी करायला ती काढून टाकतात. अशा गाडीवर घेराचा स्कर्ट, ओढणी, पदर, यातलं काहीही घालून बसू नका. ओळखीच्या गाडीवर ती नसेल तर परत लावून घ्यायला लावा.

पाऊस

पहिल्या पावसाळ्यात मला वाटलं होतं, आता चार महिने स्कर्ट बंद. झालं उलटं. जीन्स खालून भिजत गुडघ्यापर्यंत ओली होते आणि एसीत दिवसभर वाळत नाही. मिडीची कड डबक्याच्या वीतभर वर असते. पाय धुतले, पुसले, संपलं. फक्त गडद रंग घाला, कारण पांढरं किंवा पिस्ता रंगाचं सुती ओलं झालं की आरपार दिसतं. पातळ पॉपलीन किंवा क्रेप लवकर वाळतं, रेयॉन आणि डेनिम त्या महिन्यांत कपाटात ठेवा. कोल्हापुरीही ठेवा, चामडं फुगतं. रबरी सॅंडल बरी. चिखलाचे शिंतोडे मागे उडतात, म्हणून साधा रंग नको, बारीक छापाचा स्कर्ट घाला, एखादा ठिपका त्यात लपतो.

स्वतः शिवायचा किंवा शिवून घ्यायचा असेल तर

मला स्वतःला शिवून घेतलेलाच आवडतो, कारण लांबी आपली असते. मुंबईत हिंदमाता आणि मंगलदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रस्ता, इथे कापड मनासारखं मिळतं.

४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, सुती कापड २ मीटर घ्या. घरी आणून पाण्यात बुडवून वाळवा, आटायचं ते आधीच आटू दे. मधोमध आडवं कापलं की साधारण ३९ इंच लांबीचे दोन तुकडे होतात. ३० इंचांचा स्कर्ट, वर नेफ्याला २ इंच, खाली दुमडीला २ इंच, म्हणजे ३४ लागतात. उरलेल्यातून पट्टा आणि खिसे निघतात. दोन्ही तुकडे बाजूंनी जोडले की ८८ इंचांच्या आसपास घेर मिळतो. रोजच्या चालण्याला हा घेर भरपूर झाला. खालची दुमड दोन इंचांचीच ठेवा आणि तुरपाई हाताने करायला सांगा. मशीनची टीप कडेवर रेघ उमटवते आणि कापड ताठ होतं.

खणाचा हिशेब वेगळा आहे आणि तो मला फार आवडतो. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा पारंपरिक खण चोळीसाठीच विणला जायचा, म्हणून त्याचा पन्हा कमी, साधारण ३० ते ३१ इंच असतो. काठ दोन्ही बाजूंना. आता हे कापड आडवं धरा: पन्हाच स्कर्टची लांबी होतो आणि खालचा काठ आपोआप कडेला येतो. खाली दुमड घालायचीच नाही, काठाची कड विणीतच पक्की असते. वर नेफा न करता वेगळा सुती पट्टा जोडायचा, म्हणजे खणाची लांबी वाया जात नाही. सव्वादोन मीटरमध्ये घेराचा स्कर्ट होतो. दोन गोष्टी दुकानातच बघा. हल्ली मोठ्या पन्ह्याचा खणही विकायला असतो, तर टेप लावून खात्री करा. आणि नक्षी आडवी झाली तर चालेल का ते कापड फिरवून बघा. बारीक बुट्टीला काही होत नाही, पण मोर किंवा गोपुर असेल तर ते आडवे पडतात.

जुन्या सुती साडीचाही असाच होतो. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या पुढे असतो, काठाकडून ३२ इंच घ्यायचे आणि वरचं विरलेलं सोडून द्यायचं. साडी साधारण साडेपाच मीटर असते, तेव्हा निऱ्यांपाशी आणि टाचेपाशी विरलेला भाग वगळूनही अडीच मीटर सहज निघतं. आईची एक नारायणपेठ मी अशी वाचवली. काठ आता माझ्या पोटरीशी असतो, आणि आई दर वेळी तो बोटांनी चाचपून बघते.

धुणं आणि ठेवणं

गडद सुती आणि नीळ रंगाचे स्कर्ट पहिली तीन-चार धुणी वेगळे धुवा. उलटे करून धुवा, उलटेच सावलीत वाळवा. दोरीवर मधून दुमडून टाकला की तिथे रेघ पडते, म्हणून कमरेला दोन चिमटे लावून लटकवा. इस्त्री चुण्यांवर आडवी फिरवू नका, कडेकडून कमरेकडे न्या आणि कमरेपाशी थांबवा. कपाटात घडी घालण्यापेक्षा चिमट्याच्या हँगरला अडकवलेला बरा. जागा नसेल तर उभा गुंडाळून ठेवा, प्लीट्सच्या स्कर्टला तर हाच उपाय.

इलास्टिक वर्षभरात सैल पडतं. म्हणून शिवतानाच नेफ्याच्या आतल्या बाजूला इंचभर जागा न शिवता सोडायला सांगा. जुनं इलास्टिक तिथून बाहेर ओढायचं, त्याच्या टोकाला नवं टाचून घ्यायचं आणि दुसऱ्या टोकाने खेचत न्यायचं. कमरेच्या मापापेक्षा तीन इंच कमी इलास्टिक घ्या, टोकं एकमेकांवर इंचभर चढवून हातानेच शिवा, आणि जोड मागच्या बाजूला जाईल असं सरकवा.